फाउंडेशन लावल्यावर चेहरा राखाडी का दिसतो? 'अंडरटोन' ओळखायचा कसा आणि शेड निवडायची कशी?

लग्नाचा अल्बम घरी येतो आणि सगळ्यांची नजर आधी नवरीच्या चेहऱ्याकडे जाते. शालू छान, दागिने छान, मुंडावळ्या छान. पण चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची आणि हार घालायला पुढे केलेले हात तिसऱ्याच रंगाचे. मंडपात कोणी काही बोललेलं नसतं. अल्बम पाहताना मात्र एखादी मावशी बोलून जातेच, "काऊन व माय, पिठाच्या गिरणीवरून आली होती काय?"

अमरावती असो की अकोला, लग्नाचा सीझन संपला की असे फोटो घरोघरी निघतात. यात दोष बहुतेक वेळा मेकअप करणारीच्या हाताचा नसतो आणि फाउंडेशनच्या किमतीचा तर अजिबात नसतो. शेड चुकलेली असते. ती चुकते दोन कारणांनी. एक तर 'थोडं उजळ दिसू दे' म्हणून स्वतःच्या रंगापेक्षा एक-दोन शेड वरची घेतली जाते. नाहीतर शेड बरोबर असते, पण त्वचेचा 'अंडरटोन' कोणी पाहिलेला नसतो.

सध्या रील्सवर या शब्दाचा सुळसुळाट आहे. मनगटाच्या शिरा बघा, चांदी घालून बघा, हे फिल्टर लावा, तुमचा अंडरटोन कळेल, असं सांगणारे व्हिडिओ रोज समोर येतात. त्यातलं खरं किती?

अंडरटोन म्हणजे नेमकं काय?

दोन लाल साड्या डोळ्यांसमोर आणा. दोन्ही सारख्याच गडद. पण एक केशरीकडे झुकणारी आणि दुसरी जांभळ्याकडे. दुकानदाराला नुसतं 'लाल दाखवा' म्हटलं तर तो दोन्ही काढेल, पण तुम्हाला त्या एकसारख्या वाटणार नाहीत. त्वचेचंही तसंच आहे. त्वचा किती उजळ किंवा किती गडद, हा झाला तिचा टोन. तो रंग पिवळ्याकडे झुकतो, गुलाबीकडे, की हिरवटपणाकडे, हा झाला अंडरटोन.

मराठीला ही गोष्ट नवी नाही. शब्द तेवढा नवा आहे. 'केतकी वर्ण' म्हणजे केवड्यासारखी पिवळसर झाक असलेला गोरा रंग. 'तांबूस गोरा' म्हणजे लालसर झाक असलेला. दोघंही गोरेच, पण आपल्याकडे त्यांना दोन वेगळे शब्द होते. गडबड अशी झाली की स्थळाच्या बायोडेटात ही झाक कुठेच उरली नाही. तिथे 'गोरा', 'निमगोरा', 'गव्हाळ', 'सावळा' एवढीच शिडी राहिली, आणि फाउंडेशन घेतानाही आपण तीच शिडी चढत बसतो.

त्वचेला रंग येतो मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. त्याचे दोन प्रकार आहेत: तपकिरी-काळसर युमेलॅनिन आणि पिवळसर-लालसर फिओमेलॅनिन. शिवाय त्वचेखालच्या रक्तातलं हिमोग्लोबिन लालसर झाक देतं आणि कॅरोटीनमुळे पिवळेपणा येतो. या सगळ्यांचं मिश्रण प्रत्येकात वेगळं. उन्हाने मेलॅनिन वाढतं आणि त्वचा गडद होते, पण मूळ झाक सहसा तशी बदलत नाही. मे महिन्यात रापलेली आणि डिसेंबरात उजळलेली तुमची त्वचा टोनने वेगळी असते, अंडरटोन साधारण तोच असतो.

मेकअपच्या भाषेत याचे तीन मोठे गट आहेत. पिवळी, सोनेरी किंवा पीच झाक म्हणजे 'वॉर्म'. गुलाबी, लाल किंवा निळसर झाक म्हणजे 'कूल'. दोन्हींच्या मधलं ते 'न्यूट्रल'. चौथा गट 'ऑलिव्ह', म्हणजे हलकी हिरवट झाक. भारतीय त्वचेत हा गट दिसतो, पण दुकानात त्याच्या शेड्स शोधाव्या लागतात. ज्यांना पिवळं फाउंडेशन फारच पिवळं आणि गुलाबी फारच गुलाबी दिसतं, त्यांनी आपण ऑलिव्ह तर नाही ना, हे एकदा तपासावं.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. गोरी म्हणजे कूल आणि सावळी म्हणजे वॉर्म, असं काही नसतं. लख्ख गोऱ्या मुलीचा अंडरटोन वॉर्म असू शकतो आणि गडद सावळ्या मुलीचा कूल. एकाच घरातल्या दोन बहिणींचा टोन सारखा आणि अंडरटोन वेगळा, हेही होतं. म्हणून बहिणीची बाटली उसनी घेताना जरा जपून.

मग चेहरा राखाडी कशामुळे होतो?

फाउंडेशनच्या बाटलीत कितीही महागडी नावं लिहिलेली असली, तरी तिचा रंग प्रामुख्याने चार गोष्टींतून तयार होतो. टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य, आणि पिवळं, लाल व काळं अशी तीन आयर्न ऑक्साइड्स. शेड जितकी उजळ, तितकं पांढरं जास्त. अंडरटोन ठरतो मुख्यतः पिवळ्या आणि लालच्या प्रमाणावर.

आता शाळेतली पाटी आठवा. काळ्या पाटीवर खडूने लिहून हाताने पुसलं की पाटी पांढरी होत नाही, राखाडी होते. गडद त्वचेवर जास्त पांढरं असलेलं फाउंडेशन पसरलं की हेच घडतं. खालचा तपकिरी रंग पूर्ण झाकला जात नाही आणि वरचा पांढरा थर त्यातून राख फासल्यासारखा दिसतो. त्यात शेड गुलाबी झाकेची आणि त्वचा पिवळ्या झाकेची असेल तर चेहरा मुखवट्यासारखा वेगळा पडतो. उलट, कूल त्वचेवर फार पिवळी शेड लावली तर कावीळ झाल्यासारखा भास होतो.

फोटोत हे जास्त का दिसतं? फ्लॅशचा जोरदार प्रकाश पांढऱ्या रंगद्रव्यावरून परत फिरतो. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन खाली आणि पांढरी सेटिंग पावडर वर असेल तर आणखीच. आरशात ठीक वाटलेला चेहरा अल्बममध्ये भुतासारखा दिसतो तो यामुळे.

शिरा, चांदी, पांढरं कापड: कोणत्या चाचणीवर विश्वास ठेवायचा?

सगळ्यात व्हायरल चाचणी मनगटाच्या शिरांची. शिरा हिरव्या दिसल्या तर वॉर्म, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल, दोन्ही दिसल्या तर न्यूट्रल. अडचण अशी की शिरांमधलं रक्त निळंही नसतं आणि हिरवंही नसतं, ते गडद लालच असतं. त्वचेत प्रकाश कसा शिरतो आणि विखुरतो, यामुळे शिरा तशा दिसतात. शीर किती खोल आहे, त्वचा किती जाड आहे, खोलीत कोणता दिवा आहे, यावर उत्तर बदलतं. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत तर अनेकांना शिरा नीट दिसतच नाहीत. त्यामुळे ही चाचणी अंदाजापुरती ठीक. तिच्या भरवशावर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

सोन्या-चांदीची चाचणी त्याहून कच्ची. सोनं शोभलं तर वॉर्म, चांदी शोभली तर कूल, असं सांगतात. पण लहानपणापासून सोनंच अंगावर पाहिलेल्या माणसाला सोनंच शोभून दिसणार. त्यात त्वचेपेक्षा सवयीचा भाग मोठा.

कापडाची चाचणी मात्र बरी आहे. एक शुभ्र पांढरा रुमाल किंवा ओढणी घ्या आणि एक मोतिया रंगाची. मेकअप न करता, केस मागे बांधून, खिडकीजवळ उजेडात उभं राहा आणि दोन्ही आळीपाळीने हनुवटीखाली धरा. शुभ्र पांढऱ्याने चेहरा ताजा वाटला तर झाक कूलकडे, मोतियाने वाटला तर वॉर्मकडे. दोन्हींत फरकच पडला नाही तर बहुधा न्यूट्रल. हे करताना खोलीच्या भिंती पाहा. आपल्याकडे पोपटी, गुलाबी, आकाशी ऑइलपेंटच्या भिंती असतात आणि त्यांचा रंग चेहऱ्यावर पडतो. सकाळी व्हरांड्यात किंवा गच्चीच्या दारात, थेट ऊन न घेता उभं राहिलेलं सगळ्यात चांगलं.

फोनवरच्या 'व्हर्च्युअल ट्राय-ऑन'बद्दल सांगायचं तर, फोनचा कॅमेरा आपल्या मनाने प्रकाशाचा रंग सुधारतो आणि ब्युटी मोड चालू असेल तर त्वचाही उजळवतो. त्या चेहऱ्याला जुळणारी शेड त्या फोटोतल्या चेहऱ्यालाच जुळेल.

आणि हळदीच्या दुसऱ्या दिवशी यातली कुठलीही चाचणी करू नका. हळदीचा पिवळेपणा त्वचेवर राहतो आणि त्या दिवशी प्रत्येक नवरी वॉर्म निघते.

दुकानात गेल्यावर

अमरावतीत राजकमल चौकाच्या आजूबाजूला असो की अकोल्यात गांधी रोडवर, कॉस्मेटिकच्या दुकानात चित्र साधारण एकच असतं. वर पांढरे एलईडी दिवे, समोर काउंटर, आणि काउंटरपलीकडची व्यक्ती तुमच्या हाताच्या मागच्या बाजूला शेड लावून म्हणते, "बघा, मॅच झाली."

पण कुणाला मॅच झाली? वऱ्हाडात स्कूटीवर निघालेली मुलगी चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळते, फक्त डोळे उघडे. चेहरा झाकलेला आणि हात हँडलवर उन्हात. त्यामुळे हाताचा रंग चेहऱ्यापेक्षा दोन शेड गडद असणं इथे नेहमीचंच. मनगटाच्या आतल्या बाजूला लावली तर उलटी चूक होते, कारण ती बाजू उजळ असते.

शेड लावून पाहायची जागा एकच: जबड्याची कड, जिथे गाल संपून मान सुरू होते. अंदाजाने जवळच्या वाटणाऱ्या तीन शेड्सच्या बोटभर रेघा तिथे ओढा. शक्यतो एक वॉर्म, एक न्यूट्रल आणि एक थोडी गडद. टेस्टर थेट बाटलीतून चेहऱ्यावर घेऊ नका, स्वच्छ इअरबडने घ्या. मग दुकानाच्या बाहेर या आणि उजेडात आरशात किंवा फोनमध्ये पाहा. जी रेघ दिसेनाशी झाली ती तुमची शेड. 'जिने चेहरा उजळला ती' नव्हे. बहुतेकींचा घोळ इथेच होतो.

लगेच पैसेही देऊ नका. अर्धा तास बाजारात फिरा, रसवंतीवर बसा, मग पुन्हा पाहा. त्वचेवरच्या तेलात मिसळल्यावर आणि त्यातला पातळ भाग उडून गेल्यावर बरीच फाउंडेशन्स एखादी शेड गडद किंवा केशरी होतात. याला 'ऑक्सिडाइझ होणं' म्हणतात. तेलकट त्वचेवर ते लवकर जाणवतं.

बाटलीवरच्या अक्षरांची मदत होते, पण मर्यादित. 'डब्ल्यू' म्हणजे वॉर्म, 'सी' म्हणजे कूल, 'एन' म्हणजे न्यूट्रल, अशी साधारण पद्धत आहे. पण मॅक कंपनीच्या 'एनसी' शेड्स सोनेरी-पिवळ्या झाकेच्या त्वचेला जुळतात आणि 'एनडब्ल्यू' गुलाबी झाकेच्या. अक्षरं वाचून 'सी म्हणजे कूल' असं धरलं की नेमकी उलटी बाटली घरी येते. आकड्यांचंही तेच. मेबलिनच्या 'फिट मी'चा १२८ नंबर रील्समुळे घराघरात पोहोचला. तो रीलमधल्या मुलीला जुळला म्हणून तुम्हाला जुळेल असं नाही, आणि एका कंपनीचा १२८ दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांत काही सांगत नाही.

चेहऱ्यापेक्षा मान गडद असेल तर? फाउंडेशन मान आणि चेहरा यांच्या मधलं, किंवा मानेकडे झुकणारं घ्या. मग चेहरा वेगळा पडत नाही. फक्त मानेच्या घड्यांत त्वचा काळपट आणि मखमलीसारखी जाड झाली असेल, तर तो मळ नाही आणि घासून जाणार नाही. इन्सुलिन रेझिस्टन्सचं ते एक लक्षण असू शकतं. अशा वेळी शेडआधी डॉक्टर गाठलेला बरा. गालांवर वांग असतील किंवा तोंडाभोवती काळपटपणा असेल, तर तो झाकायला उजळ फाउंडेशन लावू नका. तिथे आधी पातळ केशरी किंवा पीच करेक्टर आणि वरून स्वतःचीच शेड, नाहीतर तिथेही पाटी-खडूचा प्रकार होतो.

अकोल्याच्या उन्हाळ्याचं काय?

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला आणि जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं. लग्नं मात्र याच दिवसांत असतात. उन्हाळ्यात रापलेल्या त्वचेला हिवाळ्यात घेतलेली शेड जुळत नाही. त्यासाठी नवीन महागडी बाटली कशाला? त्याच अंडरटोनची एक गडद शेड घेऊन ठेवा आणि दोन्ही तळहातावर मिसळून वापरा. जानेवारीत एकीचे थेंब जास्त, मे महिन्यात दुसरीचे.

घामाने जाड थर आधी फाटतो. त्यामुळे सनस्क्रीन, ते मुरायला थोडा वेळ आणि मग फाउंडेशनचे पातळ थर, हा क्रम बरा. घाम आला की पुसू नका, टिश्यूने टिपा.

"एक शेड उजळ द्या" ही सवय कुठून आली?

'फेअर अँड लव्हली' भारतात १९७५ मध्ये आली. तिच्या नावातला 'फेअर' निघून 'ग्लो' यायला २०२० साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने त्वचेच्या रंगानुसार स्थळं शोधण्याचा फिल्टर काढून टाकला. जगाच्या बाजारात गडद त्वचेसाठी शेड्स मिळणं हीसुद्धा अलीकडची गोष्ट. गायिका रिहानाच्या 'फेंटी ब्युटी'ने २०१७ मध्ये एकदम ४० शेड्स आणल्या, तेव्हा बाकीच्या कंपन्यांनाही आपली रांग वाढवावी लागली. लहान शहरांतल्या दुकानांत मात्र आजही उजळ आणि मधल्या शेड्सच जास्त दिसतात. गडद शेड मागितली तर 'ती ठेवत नाही, खपत नाही' हे उत्तर मिळतं. मग मिळेल ती घेतली जाते, आणि ती उजळ असते.

फाउंडेशन चुकलं तर फोटो बिघडतो, एवढंच. पण तीच इच्छा क्रीमकडे वळली की काय होतं, याचं उदाहरण अकोल्यातलंच आहे.

२०२३ च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर गाजली होती. अकोल्यातल्या एका कुटुंबातली तरुणी स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम वापरत होती. फरक दिसला म्हणून तिची आई आणि बहीणही तेच वापरू लागल्या. पुढे तिघींच्याही मूत्रपिंडांना त्रास सुरू झाला. निदान झालं ग्लोमेरुलोनेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळण्यांना आलेली सूज. एकाच घरात तिघींना एकाच वेळी हा आजार का, याचा शोध घेताना संशय क्रीमवर आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली आणि क्रीममध्ये पारा सापडला, तोही मर्यादेच्या कितीतरी पट.

केरळमध्येही हेच दिसलं. तिथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या १५ जणांत या आजाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी त्वचा उजळवणारी क्रीम्स वापरल्याचं सांगितलं.

पारा मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रियाच अडवतो, म्हणून त्वचा काही दिवसांत उजळते. तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. भारतातल्या कॉस्मेटिक्स नियम २०२० नुसार डोळ्यांभोवतीची उत्पादनं सोडून इतर सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेला पाराही १ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. मुद्दाम घालण्याचा तर प्रश्नच नाही. तरीही डबीवर उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, घटकांची यादी नाही, आणि 'सात दिवसांत फरक' अशी हमी, अशी क्रीम्स विकली जातात. ब्युटी पार्लरमध्ये साध्या डबीत भरून दिलेली 'स्पेशल क्रीम' हाही त्यातलाच प्रकार. अशी डबी घरात असेल तर वापर थांबवा, फेकण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, लघवीला फेस असं काही जाणवत असेल तर डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या.

चुकीची शेड आधीच घेतली असेल तर?

उजळ शेड असेल तर स्वस्तातली एक गडद शेड घेऊन त्यात मिसळा, किंवा नाकाच्या दांड्यावर आणि डोळ्यांखाली हायलाइटसारखी थोडीशी वापरा. गडद असेल तर मॉइश्चरायझरमध्ये मिसळून पातळ करा. गुलाबी झाकेची शेड पिवळ्या त्वचेवर चालवायची असेल तर बाजारात पिवळ्या रंगाचे मिक्सर थेंब मिळतात. बाटली कुठलीही असो, नवीन असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास थांबा. खाज किंवा पुरळ आलं नाही तरच चेहऱ्यावर.

आणि ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे, त्यांनी मेकअपची ट्रायल हळदीच्या आधी, दिवसाउजेडी ठेवा. शालू किंवा ब्लाउजचं कापड सोबत न्या, कारण त्याचा रंगही चेहऱ्यावर पडतो. मेकअप करणारीला 'उजळ करा' असं न सांगता 'मानेशी जुळवा' असं सांगा. मान, कान आणि हात सगळं दिसेल असा एक फोटो फ्लॅश लावून काढा, एक फ्लॅशशिवाय. फिल्टर बंद करून.